उष्ण मुलखातील गुरे आणि संकराचा हिशेब



गट ऑफिसात ऊस-नोंदीला आलेला सभासद नोंद झाली म्हणून लगेच उठत नाही. चहा येईपर्यंत गोठ्याचा विषय निघतोच. गेल्या वर्षभरात आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न उसाचा नव्हता, कालवडीचा होता. "साहेब, कालवड माजावर आलीया. काय भरवू? एचएफच ना?"

असेच एक आबा परवा आले. त्यांच्या गोठ्यात तीन पिढ्या एका दावणीला उभ्या आहेत. थोरली गाय म्हणजे गावठी गाईला एचएफचे रेत भरून झालेली, निम्म्या रक्ताची. तिला पुन्हा एचएफ भरवले, ती मधली, पाऊण रक्ताची. तिलाही एचएफच, म्हणून धाकटी कालवड ८७.५ टक्क्यांची. थोरली कधी आजारी पडली नाही. मधली थंडीत दूध चांगले देते, पण चैत्र लागला की निम्म्यावर येते. आणि धाकटी अडीच वर्षांची होऊन आता कुठे पहिल्यांदा माजावर आली. पत्र्याखाली जीभ काढून धापा टाकते, अंगावर गोचीड मावत नाही. आबांनी विचारले, "रक्त तर दर पिढीला वाढत गेलं. मग जनावर का खालावलं?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचे उत्तर आम्ही थोडे लांबून, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधून आणणार आहोत. तिकडे गुरे पाळतात ती मांसासाठी. तो धंदा आपला नव्हे, आणि तो करावा असे सांगण्याचा आमचा हेतूही नाही. पण मांसाच्या धंद्यात जनावर काट्यावर चढवले की हिशेब उघडा पडतो. दुधाच्या गाईचा आकडा धार काढणाऱ्यावर, वासरावर, पेंडीवर हलतो, वजनाचा आकडा तसा हलत नाही. म्हणून उष्ण मुलखात जनावर कशाने वाढते, याचा अभ्यास जितका स्वच्छ त्या लोकांनी केला आहे तितका दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. शिवाय क्वीन्सलँडची किनारपट्टी ही आपल्यासारखीच ऊसवाल्यांची. किनाऱ्याला ऊस आणि साखर कारखाने, आत मोकळ्या रानात गुरे.

त्या रानात पहिल्यांदा गेली ती इंग्लंडची गुरे. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड वगैरे. आपल्या देशात ती झपाट्याने वाढत, म्हणून बरोबर आणली. पण हवा काही बरोबर आणता येत नाही. उन्हाळा कडक, पावसानंतर वाढलेले गवत चार-सहा महिने नुसते वाळलेले काड, आणि त्यात १८७२ साली डार्विन बंदरात इंडोनेशियाकडून आलेल्या गुरांबरोबर गोचीड उतरला. पुढल्या पंचवीसेक वर्षांत तो क्वीन्सलँडभर पसरला. गोचिडाबरोबर लाल लघवीचा ताप आला. इंग्रजी रक्ताची गुरे कळपाकळपाने मेली. जी जगली ती पावसाळ्यात कमावलेले वजन कोरड्या हंगामात गमावून बसत. बाजारात जाण्याजोगे जनावर व्हायला चार-पाच वर्षे लागत.

यावर त्यांनी १९३३ साली उपाय केला तो आपल्याला ऐकायला गंमतीचा वाटेल. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने व काही पशुपालकांनी मिळून अमेरिकेतून 'ब्राह्मन' नावाची वशिंडाची गुरे आणली. ही ब्राह्मन अमेरिकेची कशी? ती मुळात आपलीच. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत गेलेली भारतीय वंशाची गुरे सगळी मिळून तीनशेसुद्धा नव्हती, आणि त्यातही बहुतेक वळूच. गीर, कांकरेज (तिला ते गुझेरात म्हणतात), ओंगोल (ती नेल्लोरवरून नेलोर झाली) आणि चौथी कृष्णाकाठची, म्हणजे 'कृष्णा व्हॅली'. यांच्या मिसळीतून ब्राह्मन जात बनली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटनाही तिकडे उभी राहिली.

कृष्णा व्हॅलीचे नाव आले म्हणून दोन वाक्ये जास्त लिहितो. सांगलीचे संस्थानिक आणि त्या भागातले जहागीरदार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात औत ओढायला जड ताकदीचा बैल हवा म्हणून गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडची चपळ गुरे यांचा मेळ घालून ही जात घडवली. म्हणजे संकर हे काही डॉक्टरच्या बॅगेतून आलेले नवे खूळ नाही. आपल्या आजे-पणज्यांनी तो केला, आणि कशासाठी करायचा हे आधी ठरवून केला. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले आणि ही जातही विरळ झाली, ही गोष्ट वेगळी.

आता मूळ मुद्दा. क्वीन्सलँडमध्ये रॉकहॅम्प्टन गावाजवळ बेलमाँट नावाचे पैदास केंद्र आहे. तिथे १९५० च्या दशकापासून इंग्रजी रक्ताची, ब्राह्मन रक्ताची आणि त्यांच्या संकराची गुरे एकाच रानात ठेवून वर्षानुवर्षे वजने घेतली गेली. पुढे फ्रिश आणि व्हर्को या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. त्यांनी जनावरांचे दोन परिस्थितींत वजन केले. एकीकडे सगळी सोय: गोचिडाचे औषध, जंताचे औषध, पोटभर सकस खाद्य. दुसरीकडे मोकळे रान: ऊन, गोचीड, जंत आणि मिळेल ते गवत.

सोयीत इंग्रजी रक्ताची गुरे पुढे गेली, ब्राह्मन मागे राहिली. रानात बरोबर उलटे झाले. तीच रक्ते, पण क्रम फिरला.

याचा उलगडा आपल्या कीर्द-खतावणीच्या भाषेत होतो. जनावराच्या वाढीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू आहेत. जमेच्या बाजूला असते ती भूक आणि खाल्लेल्याचे अंग करण्याची ताकद. ती इंग्रजी रक्तात जास्त. पण खर्चाच्या बाजूला ऊन, गोचीड, जंत, डोळ्याचा रोग, निकृष्ट चारा हे धनको बसलेले असतात. अंगात उष्णता कोंडली की जनावर पहिल्यांदा चारा सोडते, कारण रवंथ आणि पचन यांनीही उष्णता वाढते. युरोपी गाईला साधारण २५ अंशांच्या पुढे त्रास सुरू होतो. आपल्या वशिंडाच्या गाईची कातडी सैल, केस आखूड, घाम येण्याची सोय चांगली, आणि पोटातली भट्टी मुळातच मंद. तिची जमा कमी, पण खर्चही कमी. इंग्रजी रक्ताची जमा मोठी, पण रानात आली की सगळी खर्चाला जाते, वर कर्ज होते. काट्यावर दिसते ती फक्त शिल्लक.

आणि पहिल्या पिढीचा संकर? त्याची जमा जवळजवळ इंग्रजी बापाइतकी आणि खर्च जवळजवळ ब्राह्मन आईइतका कमी. साहजिकच रानात त्याची शिल्लक सर्वांत जास्त. आबांची थोरली गाय ती हीच.

मग दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत काय बिनसते? इथे ऊस आपल्याला समजावून देईल. आपण आज लावतो त्या उसाच्या जाती संकरितच आहेत. कोइंबतूरला बार्बर आणि व्यंकटरामन यांनी जाड रसाळ ऊस आणि रानटी कांस-गवत यांचा संकर करून को २०५ ही जात काढली. ती १९१८ साली शेतकऱ्यांना मिळाली. जाड उसाची गोडी आणि रानटी गवताचा चिवटपणा. आज आपल्याकडे सर्वत्र दिसणारा को ८६०३२ हाही त्याच वाटेने आलेला. पण उसात एक सोय आहे. एकदा चांगला संकर हाती लागला की आपण बी पेरत नाही, कांडी लावतो. बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. दहा वर्षे लावा, संकराचे रक्त तेच राहते. (बेणे रोगट होते ते वेगळ्या कारणाने.) गाईची कांडी लावता येत नाही. प्रत्येक वेताला पत्ते पुन्हा पिसले जातात.

प्रत्येक गुणाची एक चिठ्ठी आईकडून येते, एक बापाकडून. पहिल्या संकरात प्रत्येक जोडीत एक चिठ्ठी देशी, एक परदेशी. अशा मिश्र जोड्यांतून जो जोम येतो त्याला संकरजोम म्हणतात. पहिल्या पिढीत तो पूर्ण, म्हणजे शंभर धरा. त्या गाईला पुन्हा एचएफ भरवला तर वासराचे एचएफ रक्त ७५ टक्के होते, पण मिश्र जोड्या निम्म्या, म्हणजे जोम ५० वर येतो. आणखी एकदा एचएफ, तर रक्त ८७.५ आणि जोम २५. चौथ्यांदा, रक्त ९३.७५ आणि जोम साडेबारा. म्हणजे रक्त वाढवत नेताना आपण दोन गोष्टी एकदम गमावतो: देशी गाईचा सोसण्याचा गुण आणि संकराचा जोम. आबांच्या दावणीला हा सगळा हिशेब चारा खात उभा आहे.

आबांना हे पटेना. म्हणून आम्ही टेप घेऊन गोठ्यात गेलो. गुरांचा वजनकाटा घरोघरी नसतो, पण हे गणित कोणालाही करता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. येईल ते वजन किलोत, अंदाजी पण कामापुरते बरोबर. आबांच्या कालवडीचा घेर ५८, लांबी ४८. म्हणजे वजन सुमारे २४५ किलो. जन्माचे ३० वजा केले तर अडीच वर्षांत, म्हणजे साधारण ९०० दिवसांत, २१५ किलो वाढ. दिवसाला २४० ग्रॅमसुद्धा नाही. एचएफ संकरित कालवड दीड वर्षात २७० किलोच्या आसपास पोचली तर ती वेळेवर भरवता येते. त्यासाठी रोज साडेचारशे ग्रॅम वाढ लागते. आबांच्या कालवडीने जवळजवळ निम्म्या वेगाने मजल मारली. एक वर्षाचा चारा, पेंड आणि माणसाचे कष्ट गोचिडाने आणि पत्र्याने खाल्ले. हा खर्च कुठल्याही डेअरीच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही.

याचा अर्थ परदेशी रक्त वाईट असा कोणी काढू नये. क्वीन्सलँडवाल्यांनी उलटी चूकही करून पाहिली आहे. ब्राह्मनचा गुण दिसल्यावर अनेकांनी दर पिढीला ब्राह्मन वळूच वापरला आणि कळप जवळजवळ शुद्ध ब्राह्मन करून टाकले. गुरे मरायची थांबली, पण कालवडी उशिरा माजावर येऊ लागल्या आणि विण्याचे प्रमाण घटले. मग पुन्हा तिसऱ्या रक्ताचा शोध सुरू झाला. १९९० च्या सुमारास त्यांनी आफ्रिकेतून तुली आणि बोरान या जातींचे गर्भ आणवले ते याचसाठी. आपल्याकडेही आता एक वारे आहे की सगळा संकर सोडा आणि नुसत्या देशी गाईंकडे वळा. ज्याला तशी गाय पाळायची त्याने खुशाल पाळावी, पण दुधाच्या बिलावर पीककर्जाचे व्याज भरणाऱ्याने आधी हिशेब करावा.

थांबायचे कुठे, याची उत्तरे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी काढली. टेक्सासमधल्या किंग रँचने पाच-अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन-अष्टमांश ब्राह्मन या प्रमाणावर थांबून आपापसात पैदास केली. १९२० साली जन्मलेल्या 'मंकी' नावाच्या एकाच वळूच्या वंशावर त्यांनी सांता गर्ट्रूडिस जात उभी केली, आणि १९४० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. बेलमाँटवाल्यांनी निम्मे आफ्रिकेचे आफ्रिकँडर रक्त, पाव हेरफर्ड आणि पाव शॉर्टहॉर्न घेऊन बेलमाँट रेड काढली. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही ५० टक्के एचएफ, २५ जर्सी आणि २५ गीर. लष्कराच्या फार्मांवर (हे फार्म २०२१ साली बंद झाले) घडवलेली फ्रिजवाल ही ६२.५ टक्के एचएफ आणि बाकी साहिवाल. मुलूख वेगळे, जाती वेगळ्या, पण उष्ण हवेत शहाण्या माणसांचा हात निम्म्यापासून पाऊणपर्यंतच कुठेतरी थांबला आहे.

मात्र थांबणे म्हणजे नुसते प्रमाण धरून बसणे नव्हे. संकरित गाईला संकरित वळूचे रेत भरले की रक्त ५० चे ५० राहते, पण जोम निम्मा होतो आणि वासरे एकसारखी निघत नाहीत. एखादी आईच्या वर, एखादी अगदीच सुमार. तिथे निवड करावी लागते. बेलमाँटला जनावराच्या एका अंगावरचे फुगलेले गोचीड मोजत आणि कमी गोचिडाची जनावरे पैदाशीला ठेवत, कारण गोचिडाला दाद न देण्याचा गुण आईबापांकडून वासरात उतरतो. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पावसाळ्यात, औषध मारण्याआधी, प्रत्येक जनावराच्या डाव्या अंगावरचे वाटाण्याएवढे फुगलेले गोचीड मोजून दाराच्या चौकटीवर खडूने आकडा लिहा. एकाच गोठ्यात, एकाच दावणीला एकीच्या अंगावर पाच आणि दुसरीच्या अंगावर पन्नास निघतात. कोणती कालवड विकायची आणि कोणती ठेवायची, हे मग व्यापाऱ्याला विचारावे लागत नाही. पन्नास हा आकडा किरकोळ समजू नये. एक फुगलेली मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते, आणि पिल्लू अंगावर चढल्यापासून तीनेक आठवड्यांत तीही फुगून खाली पडते.

आता भरवण्याचा प्रश्न. ज्यांच्याकडे उंच छपराचा हवेशीर गोठा, बारमाही हिरवा चारा, उन्हाळ्यात पाण्याचे फवारे आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे, त्यांनी ७५ टक्क्यांपर्यंत जायला आमची हरकत नाही. त्यांचा गोठा म्हणजे बेलमाँटची ती सोयीची बाजू. पण ज्यांचा सहा महिने भर उसाच्या वाढ्यावर आणि उरलेले सहा महिने कडब्यावर असतो, त्यांनी ७५ च्या गाईला पुन्हा शुद्ध एचएफ भरवू नये. तिला निम्म्या रक्ताच्या, खात्रीच्या संकरित वळूचे रेत भरावे, वासरू ६२.५ चे होईल. ८७.५ च्या कालवडीला तसलेच रेत भरले तर ६८.७५ येईल, आणि गीर किंवा साहिवालचे भरले तर ४४ च्या आत. लहान चणीच्या गावठी कालवडीला पहिल्या वेताला जर्सी बरी, एचएफचे मोठे वासरू अडते. आणि रेत भरायला येणाऱ्याला वळूची जात व नंबर विचारून वहीत लिहायला विसरू नका. तीन वर्षांनी जेव्हा कालवडीचे रक्त किती असा प्रश्न येतो तेव्हा "काळीपांढरी आहे" एवढ्यावर हिशेब होत नाही.

वाढ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, नुसत्या वाढ्याने अंगातला चुना बांधला जातो, तेव्हा क्षार-मिश्रण चुकवू नका. आणि गोठ्याच्या पत्र्यावर पाचटाचा वीतभर थर टाका. पाचट पेटवण्यापेक्षा तिथे त्याचा उपयोग जास्त.

आबांनी शेवटचा सवाल टाकला. "गीर भरवलं तर दूध उतरंल की." उतरेल. ते लपवण्यात अर्थ नाही. गीर बापाची कालवड एचएफ बापाच्या कालवडीइतकी धार एका वेळी देणार नाही. पण ती वेळेवर विईल का, उन्हाळ्यात टिकेल का आणि किती वेते देईल, हे धरून आकडा मांडावा लागतो. आम्ही तो आबांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. थोरली गाय सहाव्या वेताची, ती ते या बाजारात विकणार होते. तिला जर्सी भरवायची ठरले, म्हणजे वासरात जर्सी निम्मी, एचएफ पाव आणि गावठी पाव, आणि प्रत्येक जोडी पुन्हा मिश्र. मधलीला संकरित वळूचे. धाकटीला मात्र सध्या काहीच नाही. आधी गोचीड, मग जंताचे औषध, मग टेपवर २७० किलो दिसेपर्यंत खाद्य, आणि त्यानंतरचा माज.

टेप आबा घेऊन गेले. शेजारच्या दोन गोठ्यांतही त्याने मापे घेतली असे कळते. गट ऑफिसात दुसरा मागवला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी नोंदीच्या वेळी मागून न्यावा.